पेशीच्या इंजेक्शननंतरचा ठणका गावात राहून कसा सांभाळायचा

केमो झाल्यावर एक-दोन दिवसांनी सुरू होणाऱ्या इंजेक्शनला आपल्याकडे कोणी पेशीचं इंजेक्शन म्हणतं, कोणी काउंटचं (काउंट म्हणजे रक्तातल्या पेशींचा आकडा). डिस्चार्ज कार्डावर त्याचं नाव फिल्ग्रास्टिम किंवा पेगफिल्ग्रास्टिम असं असतं, कधी नुसतं जी-सीएसएफ. केमोचं औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतं. त्यात कॅन्सरच्या पेशी मरतात, तशा हाडाच्या आतल्या मगजात तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशीही मरतात. हे इंजेक्शन त्या मगजाला पुन्हा कामाला लावतं. पेशी एकदम वाढू लागल्या की हाडाच्या आत दाटी होते आणि हाडाला कळ लागते. म्हणून दुखतं ते नेमकं जिथे मोठ्या माणसात रक्त बनतं तिथे: कंबर, खुबे, छातीचं मधलं हाड, पाठीचा कणा, मांड्या. अंग ठणकतं, हाडं फुटल्यासारखी वाटतात, कधी तर नाडीबरोबर ठोका पडतो. बहुतेक वेळा हे दुखणं घरीच सांभाळता येतं. पण याच सुमारास शरीरातल्या पांढऱ्या पेशी तळाकडे जात असतात. ठणक्यावर घेतलेली गोळी ताप झाकू शकते, आणि खरा धोका तिथे आहे.

पहिलं इंजेक्शन टोचण्याआधी एक गोष्ट डॉक्टरांना स्वतःहून सांगायची: घरात सिकलसेल, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा रक्ताचा आनुवंशिक आजार, आहे का. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल भरपूर आहे, आणि कित्येकांना आपण वाहक (स्वतःला आजार नसून मुलांना तो देऊ शकणारे) आहोत हे माहीतही नसतं. सिकलसेलच्या माणसाला जी-सीएसएफ दिल्यावर जीवघेणा क्रायसिस (वाकड्या पेशींनी रक्तवाहिन्या तुंबून येणारा झटका) आल्याची नोंद आहे, आणि औषधाच्या माहितीपत्रकातच तसा इशारा छापलेला असतो. वाहकाच्या बाबतीतही डॉक्टर सावध राहतात. आरोग्य खात्याकडून मिळालेलं सिकलसेलचं कार्ड पेटीत असेल तर ते फाइलला लावा. तपासणी झालीच नसेल तर केमो सुरू होण्याआधी सोल्युबिलिटीची, म्हणजे सिकलसेलची पहिली साधी, चाचणी करून घ्या आणि ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस. रक्त भरण्याआधी काढलेलं सँपल चांगलं, कारण दुसऱ्याचं रक्त चढल्यावर निकाल फसवा येऊ शकतो. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात हा प्रश्न विचारतीलच असं धरून चालू नका. तिथे बाहेरच्या राज्यांतलेही पेशंट असतात आणि गर्दीत प्रश्न राहून जातो.

इंजेक्शनचे दोन प्रकार आहेत. फिल्ग्रास्टिम रोजचं. मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे 5 मायक्रोग्रॅम असा हिशेब असतो, म्हणून साधारण बांध्याच्या माणसाला 300 मायक्रोग्रॅमची एक सिरिंज रोज, ओळीने काही दिवस. पेगफिल्ग्रास्टिम 6 मिलिग्रॅमचं, एका सायकलला (केमोच्या एका फेरीला) एकदाच. दोन्हींचा नियम एकच: केमो संपल्यावर 24 तास जाऊ द्यायचे. मगज जागा होऊन नव्या पेशी वाढत असतील आणि रक्तात केमो अजून असेल, तर त्या कोवळ्या पेशीच आधी मरतात आणि काउंट आणखी खाली जातात. अडचण अशी की एटापल्ली किंवा धारणीहून नागपूरला आलेला माणूस केमोच्या संध्याकाळीच परतीची गाडी पाहतो. मग 'आत्ताच टोचून द्या' असा आग्रह होतो. परतणं अगदीच शक्य नसेल तर काही डॉक्टर विचार करून त्याच दिवशी देतातही, पण तो निर्णय त्यांचा. नाहीतर दोनच वाटा उरतात, दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत एक रात्र थांबा किंवा इंजेक्शन थंड ठेवून गावी न्या.

हे थंड ठेवणं विदर्भात सोपं नाही. औषधाला 2 ते 8 अंश सेल्सिअस लागतं. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना एसटीच्या खिडकीशी ठेवलेली पिशवी तासाभरात तापते. न्यायची रीत अशी: रुंद तोंडाचा थर्मास किंवा थर्मोकोलचा डबा घ्या. बर्फ जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तळाशी ठेवा, त्यावर घडी घातलेलं कापड आणि कापडावर कोरड्या डब्यात इंजेक्शनचं खोकं. खोकं बर्फाला टेकता कामा नये, कारण हे औषध प्रथिन आहे आणि गोठलं की बिघडतं. घरच्या फ्रीजमध्ये ते मधल्या फळीवर ठेवायचं. फ्रीझरच्या खाली किंवा मागच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. दारातल्या कप्प्यातही नको, तिथे दर वेळी गरम हवा लागते. किराणा दुकानातल्या थंड पेयांच्या फ्रीजचा भरवसा धरू नये, त्यात किती अंश आहेत हे दुकानदारालाही माहीत नसतं. माठाच्या पाण्यात खोकं ठेवणं हा उपाय नाही. माठ कितीही गार लागला तरी 8 अंशाच्या खाली जात नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातला लसींचा फ्रीज योग्य तापमानाचा असतो, पण त्यात दुसरं औषध ठेवायला नियमाने मनाई आहे, म्हणून सिस्टरने नकार दिला तर रागावू नका. सर्वांत चांगलं म्हणजे तालुक्याच्या औषध दुकानदाराला सगळी इंजेक्शनं सांभाळायला सांगावीत आणि रोज एकच आणावं. वीज गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज काही तास थंड राहतो. औषध किती वेळ बाहेर चालतं हे ब्रँडनुसार वेगळं असतं. ते माहितीपत्रकात छापलेलं असतं, पण तिथे खोलीचं तापमान म्हणजे 25 किंवा 30 अंश धरलेलं आहे. उन्हाळ्यातली टिनाची खोली त्यात बसत नाही.

टोचण्याआधी खोकं अर्धा तास बाहेर काढून ठेवा, थंडगार औषध फार चुणचुणतं. सिरिंज हलवू, घुसळू नका. आतलं पाणी स्वच्छ, बिनरंगी दिसलं पाहिजे. गढूळ असेल किंवा कण तरंगत असतील तर वापरायचं नाही. इंजेक्शन कातडीखाली द्यायचं असतं. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला कातडी चिमटीत धरून. रोज जागा बदला, टोचल्यावर चोळू नका. गावातला कंपाउंडर सवयीने कमरेत खोल टोचायला जातो. त्याला कार्डावरचं 'एससी' हे अक्षर दाखवा. त्याचा अर्थ कातडीखाली. स्नायूत खोल सुई गेली आणि प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर आत रक्त साकळून मोठी गाठ होते. वापरलेली सुई झाकण लावायचा प्रयत्न न करता जाड पत्र्याच्या डब्यात टाका आणि डबा भरला की आरोग्य केंद्रात द्या. उकिरड्यावर नको, शेणखताबरोबर ती वावरात जाते आणि निंदणाऱ्या बाईच्या पायात घुसते.

आता दुखण्याबद्दल. रोजच्या इंजेक्शनला ठणका पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू होतो आणि कोर्स संपला की उतरतो. पेगचा ठणका बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी जोरात असतो, नंतर ओसरतो. पहिल्या सायकलला तो सहसा जास्त जाणवतो. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू असेल तर त्या औषधाचंही अंगदुखीचं वेळापत्रक साधारण तेच आहे, त्यामुळे दोन दुखणी एकावर एक चढतात आणि इंजेक्शनला एकट्यालाच दोष मिळतो. अशा वेळी मनाने पुढचं इंजेक्शन बुडवणारे पुष्कळ आहेत. कळ सोसत नाही हे डॉक्टरांना सांगून औषध बदलता येतं, डोस वाढवता-कमी करता येतो. न सांगता बुडवलं तर काउंट तळाला राहतात आणि पुढची केमो लांबते.

गोळीचा क्रम असा ठेवा: आधी थर्मामीटर, मग आकडा वहीत, मग गोळी. कणकण नसली तरी मोजायचं. पॅरासिटामॉल ताप उतरवतं, म्हणजे चार-सहा तास आतला संसर्ग वाढत राहतो आणि अंग मात्र गार लागतं. ताप नसेल तर पॅरासिटामॉल 500 किंवा 650 मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत 6 तासांचं अंतर, आणि दिवसभराची बेरीज 3 ग्रॅमच्या आतच. वजन फार उतरलं असेल, कावीळ होऊन गेली असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या तयार गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असतं, तेही या बेरजेत धरा.

पॅरासिटामॉलने भागत नसेल तर नॅप्रॉक्सेन 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणानंतर, असा उपाय अभ्यासात तपासला गेला आहे आणि त्याने ठणका कमी होतो. पण ती गोळी सगळ्यांना चालत नाही. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, प्लेटलेट पडल्या असतील तर रक्तस्रावाची भीती असते, पित्ताचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर पोटात जखम होते. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) आणि प्लेटलेटचे ताजे आकडे पाहून डॉक्टर लिहून देतील तरच. काही डॉक्टर लोराटाडिन 10 मिलिग्रॅम ही ॲलर्जीची गोळी इंजेक्शनच्या दिवसापासून आठवडाभर देतात. तिचे निकाल संमिश्र आहेत, एखाद्याला चांगला आराम पडतो, एखाद्याला काहीच फरक नाही. तिचा अपाय कमी म्हणून करून पाहण्यासारखी आहे. त्याच्याही पुढे गेलं तर ट्रामाडॉल. त्याने मळमळ, चक्कर आणि बद्धकोष्ठ होतं. रात्री अंधारात मोरीकडे जाताना माणूस पडतो, तेव्हा बाजेजवळ कोणीतरी झोपावं.

गावातल्या झटपट इलाजाबद्दल स्पष्ट सांगायला हवं. 'दुखणं लागलीच उतरवतो' म्हणून दिलं जाणारं इंजेक्शन बहुतेकदा डायक्लोफेनॅकचं असतं आणि त्यात डेक्सामेथासोनची भर पडते. डायक्लोफेनॅक मूत्रपिंडाला आणि प्लेटलेटला त्रासाचं, शिवाय स्नायूत टोचलेलं. डेक्सामेथासोन स्टेरॉइड आहे. त्याने ताप दबतो आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडाही फसवा वाढतो. माणसाला दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी तो गळून पडतो. केमोआधी दवाखान्यातून ठरवून दिलेलं डेक्सामेथासोन वेगळं, त्याची मात्रा आणि दिवस मोजलेले असतात.

शेक चालतो. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून कमरेला, 15 मिनिटं. पायाला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल तर तिथे शेक नको, भाजलेलं कळत नाही. तेल लावून हलक्या हाताने चोळलं तर हरकत नाही, पण हाडवैद्याकडे नेऊन कंबर 'बसवून' घेऊ नका. कॅन्सर हाडात उतरला असेल तर पोकळ झालेलं हाड दाबाने मोडतं. आणि एक ओळख लक्षात ठेवा: पेशीच्या इंजेक्शनचा ठणका पसरलेला असतो, दोन्ही बाजूंना असतो, तीन-चार दिवसांत हटतो. एकाच जागी टोचणारं, इंजेक्शन संपूनही राहणारं, पाय लुळा करणारं किंवा लघवी अडवणारं दुखणं वेगळं, ते त्याच दिवशी दाखवायचं.

ताप तोंडात मोजा, पाणी किंवा चहा घेतल्यावर 15 मिनिटं थांबून. तोंड आलेलं असेल तर काखेत मोजा, पण काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा अर्धा ते एक अंश फॅरनहाइट कमी येतो हे धरून चाला. गुदद्वारात थर्मामीटर घालायचं नाही. 101 एकदा आला किंवा 100.4 तासभर टिकला तर तो ताप. दवाखाना लांब असेल तर 100.4 दिसताच निघायची तयारी करा. या इंजेक्शननेही कधी हलकी कसर येते, हे खरं. पण ती इंजेक्शनची आहे की जंतूंची, हे घरी बसून कोणालाच सांगता येत नाही. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) कमी असताना ताप आला तर शिरेतून अँटिबायोटिक पहिल्या तासात सुरू व्हायला हवं. सकाळच्या गाडीची वाट पाहण्याचा हा ताप नव्हे, 108 ला फोन करा.

न्यूट्रोफिल किती हे रिपोर्टवरून स्वतः काढता येतं. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणा आणि 100 ने भागा. पेशी 1,800 आणि न्यूट्रोफिल 22 टक्के असतील तर 396. पाचशेच्या खाली धोका मोठा. नुसता 1,800 पाहून 'फार कमी नाहीत' असं म्हणणारे इथेच चुकतात.

रिपोर्टबाबत दोन घोटाळे नेहमी होतात. रोजचं फिल्ग्रास्टिम सुरू झालं की एक-दोन दिवसांत मगजात साठलेल्या पेशी बाहेर ढकलल्या जातात आणि आकडा एकदम चढतो. तो पाहून 'झाले काउंट' म्हणत इंजेक्शन थांबवलं जातं. तो चढ तात्पुरता असतो, खरी घसरण केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान येते. किती इंजेक्शनं घ्यायची ते ठरवून दिलेलं असतं, तितकी घ्या. दुसरा घोटाळा याच्या उलट: पुढच्या सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) पेशी 30,000 किंवा त्याहून वर आणि खाली कोवळ्या पेशींचा शेरा. तालुक्याचा डॉक्टर घाबरून भारी अँटिबायोटिक लिहितो, घरच्यांना वाटतं ब्लड कॅन्सर झाला. ताप नसेल आणि इंजेक्शन नुकतंच झालेलं असेल तर तो औषधाचाच परिणाम असतो, काही दिवसांत उतरतो. लॅबमध्ये रक्त देतानाच इंजेक्शनची तारीख सांगा. पेट स्कॅन (शरीरात कॅन्सर कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन) ठरला असेल तर तिथेही सांगा. मगज कामात असला की स्कॅनमध्ये हाडं उजळून दिसतात आणि रोग पसरल्याचा भास होतो.

बाकीच्या त्रासांपैकी डोकेदुखी, टोचलेल्या जागी लाली, थकवा हे आपोआप जातात. अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, घशात दाटणं हे इंजेक्शननंतर लगेच झालं तर ॲलर्जी, पुढचं इंजेक्शन घ्यायचं नाही, लगेच दवाखाना. नुसती खाज असेल तर मात्र घरात पाहा. दिवाळीनंतर आपल्याकडे राहत्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला असतो आणि त्याची खाज लेकराबाळांनाही सुटते. तसंही काउंट कमी असताना पेशंटची बाज कापसापासून, तुरीच्या भुशापासून आणि गोठ्यापासून दूर हवी. कूलरच्या टाकीतलं पाणी रोज बदला, जुनी कुबट ताटी काढून टाका. तिच्यातली बुरशी वाऱ्याबरोबर थेट अंगावर येते.

डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला अचानक दुखू लागलं तर प्लीहा (पोटात डावीकडे बरगड्यांखाली असलेला अवयव) फुगलेली किंवा फाटलेली असू शकते. हे क्वचित घडतं, पण घडलं तर वेळ फार थोडा असतो. पोट दाबून पाहू नका, न चोळता, हळू उचलून सरळ शस्त्रक्रिया होणाऱ्या दवाखान्यात न्या. दम लागणं, एकदम अंग सुजून लघवी कमी होणं, हीही त्याच दिवशी दाखवायची लक्षणं. ब्लिओमायसिन हे केमोचं औषध चालू असलेल्यांनी कोरडा खोकलाही अंगावर काढू नये.

लाल पेशींसाठी दिलं जाणारं एरिथ्रोपोएटिन हे वेगळं औषध. हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल तेव्हाच त्याचा विचार होतो, आणि रोग पूर्ण बरा करण्यासाठी केमो चालू असेल तर ते सहसा देत नाहीत. त्याने हाडं फारशी ठणकत नाहीत, पण रक्तदाब चढू शकतो आणि रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. दर आठवड्याला बीपी मोजा. एकाच पायाची पोटरी सुजून दुखली किंवा छातीत धाप भरली तर चोळत बसू नका, दवाखाना गाठा. शरीरात लोह नसेल तर हे इंजेक्शन वाया जातं, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेतली तर तीही वाया जाते. गुण यायला काही आठवडे लागतात. प्लेटलेट मात्र या दोन्ही इंजेक्शनांनी वाढत नाहीत. त्यासाठी पपईच्या पानांचा रस पाजणं गावोगावी चालतं. केमोत तोंड आलेलं, जुलाब लागलेले असताना कच्चा, न उकळलेला रस पोटात घालू नये.

शेवटी एक चिठ्ठी लिहून ठेवा, कारण रात्री ग्रामीण रुग्णालयात जे डॉक्टर भेटतील त्यांनी तुमची फाइल पाहिलेली नसेल. त्यावर एवढंच: कोणता कॅन्सर, शेवटची केमो कोणत्या तारखेला आणि कोणत्या औषधांची, पेशीचं इंजेक्शन कोणतं, किती मात्रेचं, कधी-कधी दिलं, सिकलसेल आहे किंवा नाही, कशाची ॲलर्जी, शेवटची पॅरासिटामॉल किती वाजता, आणि केमो देणाऱ्या वॉर्डाचा फोन. खाली मोठ्या अक्षरांत 'केमोचा पेशंट, ताप आहे, स्नायूत इंजेक्शन देऊ नये'. ती थर्मामीटरच्या डबीला रबराने गुंडाळून ठेवा, म्हणजे ताप मोजायला डबी उघडली की चिठ्ठी आपोआप हातात येते.